फुकटच्या भेटवस्तूचे पैसे कोण देतो?

इंदापूरच्या बसस्थानकावर बारामतीच्या गाडीची वाट पाहात एक महाविद्यालयीन विद्यार्थी बसला आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या मोबाईलवर निरोप येतो, ‘पांच मित्रांना आमच्या ॲपवर आणा आणि मनगटी घड्याळ विनामूल्य मिळवा.’ निरोप धाडणारा परका नसतो. बारामतीस त्याच वर्गांत शिकणारा मित्र असतो. विद्यार्थी दिलेली लिंक उघडतो, नांव, जन्मतारीख व मोबाईल क्रमांक भरतो, अट म्हणून कांहीं किरकोळ खरेदी करतो, आणि लागलाच मामेभावाला, आत्याला व भिगवणच्या मावशीला तोच निरोप पुढें पाठवितो. गाडी फलाटाला लागण्यापूर्वींच तिघांचे होकार आलेले असतात. आतां दोनच माणसें उरलीं!

परंतु हें घड्याळ येणार कोठून? निरोपांत जिचें नांव आहे ती कंपनी घड्याळें बनवीत नाहीं, आणि दानधर्म करण्यासाठींही ती निघालेली नाहीं. घड्याळ बाजारांतूनच विकत आणावें लागतें व त्याचे पैसे कोणाला तरी मोजावे लागतात. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेलें देते तेव्हां तें फुकट मिळालें असें कोणतीही गृहिणी म्हणत नाहीं. किती लुगडीं गेलीं याचा हिशेब तिच्या डोळ्यांसमोर असतो. येथें काय गेलें तें दिसत नाहीं, एवढाच फरक.

नवें गिऱ्हाईक मिळविण्यास प्रत्येक व्यापाऱ्याला खर्च येतो. तो वर्तमानपत्रांत जाहिरात देतो, रस्त्यावर फलक लावतो. पण जाहिरात वाचणाऱ्या हजारांपैकीं दुकानाची पायरी कितीजण चढले हें त्याला नक्की कळत नाहीं, आणि पैसे तर आधींच गेलेले असतात. म्हणून त्यानें दुसरी तोड काढली. गिऱ्हाईक आणून द्या व दरडोई ठरलेली रक्कम घ्या. न आलें तर कांहीं मागूं नका. ही पद्धति बारामती-इंदापूर भागाला तत्त्वतः नवी नाहीं. माळेगांवच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याला हंगामाच्या तोंडाशीं ऊसतोडणीचे मजूर हवे असतात. कारखाना मराठवाड्यांतील प्रत्येक झोपडीपर्यंत जात नाहीं. मुकादम उचल घेऊन टोळी बांधतो आणि टोळीच्या तोडणीवर त्याला टक्केवारीनें कमिशन मिळतें. मुकादमाच्या धंद्यांत दोष पुष्कळ आहेत व मजुरांची पिळवणूकही होते. तरी तो कमिशन घेतो, ही गोष्ट टोळींतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मावशीच्या एका होकारामागें कोणाला किती रक्कम पोंचली, हें मात्र मावशीला कधींच कळत नाहीं. भाच्यालाही कळत नाहीं.

ही मोजदाद यंत्र करतें. प्रत्येक लिंकमध्यें ती पाठविणाऱ्याचा एक सांकेतिक क्रमांक गुंफलेला असतो. मावशीनें लिंक उघडली कीं त्या क्रमांकाची नोंद होते, आणि पुढें तिनें खातें उघडलें किंवा खरेदी केली म्हणजे ती कोणाच्या नांवावर मांडावी हें व्यापाऱ्याला समजतें. व्यापारी व विद्यार्थी यांच्यामध्यें पुष्कळदां एक संयोजक असतो. व्यापारी त्याला रोख रक्कम देतो, तो विद्यार्थ्याला वस्तु देतो, आणि दोहोंमधील अंतर हें त्याचें उत्पन्न. माल परत आलेला नाहीं, खातें खोटें नाहीं, हें पाहूनच व्यापारी पैसे सोडतो. तोंपर्यंत विद्यार्थ्याच्या ॲपवर ‘प्रलंबित’ हा शब्द दिसत राहतो.

आतां थोडा हिशेब मांडावा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका नव्या गिऱ्हाइकामागें संयोजकाला ४०० रुपये मिळतात आणि घड्याळ त्याला १,५०० रुपयांना पडतें असें धरूं. विद्यार्थी स्वतः एक व त्यानें आणलेले पांच, मिळून सहा गिऱ्हाइकें, म्हणजे २,४०० रुपये. घड्याळ देऊनही ९०० उरले. पण खरी मेख येथें नाहीं. असे दहा विद्यार्थी घेतले आणि दोघांनींच पांचाची भरती पुरी केली, तर त्या दोघांकडून १२ गिऱ्हाइकें आलीं. उरलेले आठजण सरासरीनें दोन-दोन माणसें आणून थकले; त्यांचीं स्वतःसह २४ झालीं. एकूण ३६ गिऱ्हाइकें व १४,४०० रुपये जमा. घड्याळें किती द्यावीं लागलीं? दोन, म्हणजे ३,००० रुपये. ज्यांची भरती अपुरी राहिली त्यांचीं गिऱ्हाइकें कोणी परत पाठवीत नाहीं, आणि त्यांचें मोलही कोणी त्यांना देत नाहीं. आठांच्या अपुऱ्या धडपडीवर दोघांचीं घड्याळें निघतात, वर शिल्लक राहते ती निराळीच.

हें अपुरेपण आळसामुळें येतें असें नव्हे; तें गणितांतच आहे. प्रत्येकानें नवे पांच आणावयाचे म्हणजे पांचाचे पंचवीस, पंचविसांचे सव्वाशें, असें करीत सातव्या पायरीवर ७८,१२५ माणसें लागतात. २०११ च्या जनगणनेंत बारामती नगरपालिकेच्या हद्दींत सुमारें ५४ हजार लोक होते, आणि तेही तान्हीं मुलें धरून! शिवाय साखळी कोणत्याही पायरीवर थांबली तरी तिच्यांतील पांचांपैकीं चौघे शेवटच्या पायरीवरच उभे असतात. त्यांना घड्याळ कधींच मिळावयाचें नसतें.

अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीनें १९९६ सालीं पुस्तकविक्रीसाठीं कमिशनवरील मध्यस्थांची योजना सुरू केली होती. २००४ च्या सुमारास त्याच देशांत ग्रॅटिस इंटरनेट या कंपनीनें ‘आयपॉड’ हें गाणीं ऐकण्याचें यंत्र फुकट देऊं केलें. एका जाहिरातदाराची योजना स्वतः पत्करावी व पांच मित्रांनाही पत्करावयास लावावी, अशी अट होती. अनेकांना यंत्रें खरोखरच मिळालीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु २००६ मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनीं कंपनीवर फिर्याद केली. माहिती गुप्त ठेवण्याचें वचन मोडून तिनें लक्षावधी लोकांचे ई-मेल पत्ते इतरांना विकले, असा आरोप होता. गिऱ्हाइकाचें नांव हेंच येथें दुसऱ्यांदां विकावयाचें लुगडें ठरलें.

सर्वच योजना अशा नसतात. गूगलनें २०१७ च्या सप्टेंबरांत भारतांत ‘तेझ’ हें ॲप काढलें. पुढच्याच वर्षीं त्याचें नांव ‘गूगल पे’ झालें. बोलावलेल्या मित्रानें पहिला व्यवहार केला कीं दोघांनाही ५१ रुपये मिळत. आकडा मोठ्या चतुराईनें निवडला होता. एक्कावन रुपये म्हणजे आपल्याकडील आहेराचें पाकीट! येथें पांचाची अट नव्हती. एक मित्र आणला तरी त्याचे पैसे पदरांत पडत, आणि ते कंपनी स्वतःच्या भांडवलांतून देत असे.

याउलट, बक्षिसाची रक्कम नव्या सभासदांनीं भरलेल्या पैशांतूनच येते तेव्हां जाहिरात संपून निराळाच प्रकार सुरू होतो. अशा पैसाफिरतीच्या योजनांना १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे. २०२५ च्या जानेवारींत मुंबईस दादर येथें ‘टोरेस’ या जवाहिराच्या दुकानापुढें पैसे अडकलेल्या लोकांची गर्दी लोटली, ती दर आठवड्याच्या परताव्याच्या आशेवर गुंतलेल्यांची होती. घड्याळाची योजना त्या वर्गांतील नसली तरी कायदा तिच्याकडे डोळेझांक करीत नाहीं. जिची किंमत अन्य आकारणींत अंशतः जरी वसूल केली असेल ती वस्तु फुकट असल्याचा भास निर्माण करणें, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पैसेच लुबाडले गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठीं १९३०. योजनेंत शिरण्यापूर्वीं बारीक अक्षरांतील अटींत एवढें तरी पाहावें, कीं चारच मित्र आले तर कांहीं मिळतें काय, आणि मुदत किती दिवसांची आहे.

आपल्या विद्यार्थ्यानें तें पाहिलें नव्हतें. बारामती येईपर्यंत त्याच्या नांवावर चौथें माणूस जमा झालें. पांचवें कांहीं केल्या मिळेना. आठवड्याभरांत मावशीला, कर्ज हवें काय, असें विचारणारे अनोळखी फोन येऊं लागले. मामेभावाचाही निरोप आला. त्याला पांच माणसें हवीं होतीं.