सरकते दार आणि वाकडी फरशी

नगर जिल्ह्यात गोदावरी-प्रवरेच्या काठच्या गावांत स्लायडिंगच्या दारांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: दार पूर्ण लावले तरी खालून धूळ येते, पावसाळ्यात विंचू-गोम येतात. मग कोणी चिंधी कोंबतो, कोणी सिलिकॉनची ट्यूब रिकामी करतो आणि वर्षभरात फट पुन्हा उघडते. फटीचा प्रकार न ओळखता ती बुजवली, म्हणून असे होते.

आधी फरशी वाकडी का झाली ते पाहू. नेवासा, शेवगाव, श्रीरामपूर, कोपरगाव या भागांत काळी जमीन मोठ्या प्रमाणात आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून तर वैशाखात शेताला भेगा पडतात. जोत्यातली काळी माती काढून मुरूम नीट ठोकला नसेल, तर घराखालीही हेच घडते. फरशी कुठे बसते, कुठे उचलते. म्हणून फट मे महिन्यात आणि सप्टेंबरमध्ये, अशी दोनदा मोजावी. दोन्ही मापे सारखी आली तर जमीन स्थिरावली आहे. फरक पडत असेल तर तेवढी हालचाल सोसणारा उपाय हवा.

फट शोधायला सोपी युक्ती आहे. रात्री बाहेर कोणाला तरी टॉर्च धरायला सांगा आणि आतून उजेड पाहा. दिवसा एक्झॉस्ट पंखा लावून दाराच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे हवेची वाट आहे.

आता फटीचे दोन प्रकार. पहिली फट ट्रॅकची चौकट आणि फरशी यांच्या मधली. ही भरायची असते. ट्रॅक फरशीच्या उताराने न बसवता पाणसळीत बसवावा. नाहीतर झडप आपोआप सखल बाजूला सरकते. सखल जागी प्लास्टिकचे कडक पॅकिंग द्यावे, लाकडी चकत्या नकोत, कारण त्या ओलीने फुगतात. मोठी पोकळी सिमेंटच्या मालाने भरावी आणि कडेला सिलिकॉनसाठी खाच ठेवावी. खाचेत आधी फोमची गोल दोरी दाबावी, मग सिलिकॉन भरावे. त्यामुळे सिलिकॉन फक्त दोन्ही बाजूंना चिकटते, तळाला नाही, आणि हालचाल झाली तरी न फाटता ताणले जाते. त्याची खोली रुंदीच्या साधारण निम्मी पुरते.

दुसरी फट झडप आणि ट्रॅक यांच्या मधली. ती भरली तर दारच हलणार नाही. तिथे ब्रश लागतो. आधी झडपेखालच्या बेअरिंगचा स्क्रू फिरवून झडप चौकटीला समांतर करा. बरीचशी फट इथेच मिटते. मग झिजलेले वूल पाइल, म्हणजे खाचेतली केसाळ पट्टी, ओढून काढून नवी सरकवा. तिची उंची फटीपेक्षा एक-दोन मिलिमीटरच जास्त असावी. त्याहून जास्त झाली तर दार जड जाते.

खरी अडचण वरून टांगलेल्या सरकत्या दाराची, विशेषतः गोदामाला किंवा धान्याच्या खोलीला. समजा फट डावीकडे 4, मध्ये 11 आणि उजवीकडे 6 मिलिमीटर आहे. दाराची खालची कड फरशीच्या आकाराने कापावी असे वाटते, पण दार सरकले की तोच आकार पुढच्या उंचवट्यावर अडकतो. म्हणून दार सरळच राहू द्यावे आणि वाकडेपणा उंबरठ्याने घ्यावा.

या उंबरठ्यासाठी सागाची पट्टी दाराच्या रेषेत फरशीवर उभी ठेवा आणि पाचरी देऊन पाणसळीत आणा. पट्टीखालच्या सर्वांत मोठ्या फटीएवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी टेकवा आणि ठोकळा फरशीवरून पट्टीच्या कडेने सरकवत न्या. फरशीचा चढउतार जसाच्या तसा पट्टीवर उमटतो. त्या रेषेवर कापून, रंध्याने व कानशीने साफ करून पट्टी बसवा. आता तिची खालची कड फरशीला धरून आहे, वरची सपाट आहे. दाराखाली सरळ ब्रशची पट्टी लावली की काम झाले. जमीन हलती असेल तर लांब केसांचा ब्रश घ्या आणि पट्टी स्क्रूने बसवा, म्हणजे पुन्हा काढता येईल.

दोन वाटा मात्र कधीच बुजवू नका. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जाण्याची भोके असतात. ती बंद झाली तर पावसाचे पाणी ट्रॅक भरून घरात उतरते. दुसरी वाट स्वयंपाकघरातली. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. तिथे खाली जाळी ठेवल्याशिवाय दाराची फट बंद करू नये. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरातही हवा खेळती हवीच.

मृगाच्या आधी ट्रॅकमधली माती ब्रशने काढा, भोकांत तार घाला, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाते का पाहा. पाणी वाहून गेले, दार एका बोटाने सरकले आणि उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, तर पावसाळ्याची चिंता नाही.