पुण्याचा हिशेब आणि कृपासदन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आढावा गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून सुरू करायचा आणि ओवीच्या गोडीत रमायचं, हा आपल्याकडचा रिवाज. त्या गोडीत ख्रिस्ती श्रद्धेतला सर्वांत कडू घोट नजरेआड होतो. देवापुढे कोणीच पात्र नाही; तारण मिळतं ते फुकट, कृपेनं. पौलानं रोमकरांना हेच लिहिलं, पाचव्या शतकात ऑगस्टिन याच मुद्द्यावर पेलागियसशी झगडला, पुढं ल्यूथर रोमशी. मात्र जिथं पात्रता जन्मावरच ठरते, तिथं ‘सगळेच अपात्र’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल? दलित वस्तीत दिलासा, सोवळ्यातल्या घरात घाव.

पंडिता रमाबाईंइतका हा घाव कोणी पारखून घेतला नसेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी होतं नव्हतं ते तीर्थयात्रा, दानधर्म, ब्राह्मणभोजनात घातलं. पुण्य जमत गेलं, शिदोरी संपली. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडं पायी हिंडत कलकत्त्याला पोचली. तिथं १८७८ साली पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुण्य आणि विद्या, दोन्हींचा हिशेब त्यांना आतून ठाऊक होता.

पुढं रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथं धर्मभगिनींनी त्यांना फुलहॅमला ‘पतित’ स्त्रियांसाठी चालवलेलं घर दाखवलं, शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. समाजानं टाकलेल्या बाईशी ख्रिस्त स्वतःहून विहिरीवर बोलतो, हे त्यांच्या मनात रुतलं. १८८३ साली बाप्तिस्मा झाला. एवढ्यावर चरित्रकार बहुधा थांबतात. बाई थांबल्या नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढं साक्षीत सांगितलं. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हा गृहस्थ धर्मोपदेश देता देता, आपल्याच व्यासपीठावर उभा असताना पालटला होता! धर्मकार्यात बुडालेल्या माणसालाही कृपा हवी असते, हे बाईंना तेव्हा उमगलं. विधवांसाठी ‘शारदा सदन’ ही शाळा चालवणारी कर्तबगार बाईही हात पसरणाऱ्यांच्याच रांगेत आली.

रमाबाईंच्याच केडगावच्या ‘मुक्ती’ या आश्रमात १९०५ साली मुली पापांसाठी हंबरडा फोडून रडल्या. ती वर्णनं वाचताना मी अस्वस्थ होतो. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींची, बालविधवांची असून असून पापं ती किती? अपात्रतेची भाषा दुबळ्याच्या डोक्यावर फार लवकर आदळते. तरी मुक्तीतच, जगानं ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी, ‘कृपासदन’ उभं राहिलं. दारात चारित्र्याचा दाखला मागणारं घर ते नव्हतं.

कवी ना. वा. टिळकांची वाट निराळी. बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण स्वतःला पतित म्हणवून घेण्याची रीत त्यांना तुकोबांनी आधीच शिकवलेली. म्हणून त्यांच्या अभंगांत दैन्य आहे, भीती जवळजवळ नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळं तर स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आधीच सुटलं, आणि ते ‘स्मृतिचित्रे’त त्या हसत हसत सांगतात. दोघांपैकी लक्ष्मीबाईंचीच साक्ष मला अधिक पटते.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. अनेक मिशनरींना ते रुचलं नाही. कृपा फुकट, हे व्यासपीठावरून सांगणं त्यांना जमत होतं. मंडळीची नोंदवही उघडली की जड जात होतं.