गोमतीकाठच्या जलपऱ्या

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर याने 1829 मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलेले आणि आज तेथील नॅशनल गॅलरीत असलेले ‘युलिसिस डिरायडिंग पॉलिफीमस’ हे तैलचित्र म्हणजे ग्रीक पुराणकथेला स्वच्छंदतावादी चित्रकलेने, अर्थात नियमबद्ध रेखाटनापेक्षा कल्पनाशक्तीला आणि निसर्गाच्या भव्यतेला प्रमाण मानणाऱ्या कलाप्रवाहाने, दिलेले सर्वांत धाडसी रूप होय. होमरच्या महाकाव्यातील युलिसिस एकाक्ष राक्षसाला आंधळे करून निसटतो आणि सुरक्षित अंतरावरून त्याला हिणवतो, हा कथाभाग. परंतु चित्रात नायक मुंगीएवढा दिसतो, राक्षस डोंगरावरच्या धुक्यात विरघळलेला आहे, आणि प्रेक्षकाची दृष्टी खिळते ती उगवतीच्या सोनेरी ज्वाळेवर व नौकेच्या नाळीभोवती पाण्यातून चमकणाऱ्या, कपाळी तारा ल्यालेल्या समुद्रकन्यांवर. कथा मागे पडून प्रकाश पुढे यावा, ही टर्नरची किमया.

या ‘नीरीड’, म्हणजे सागरदेव नीरियसच्या मुली, ग्रीक कलेत बहुधा माणसासारख्या पायांच्याच असतात. माशाचे शेपूट असते ते ट्रायटन या जलदेवाला, आणि सायरन तर मुळात पक्ष्याच्या अंगाच्या. कमरेवर स्त्री आणि कमरेखाली मासा हे ज्या रूपाला मराठीत जलपरी म्हणतात, त्याचा साचा युरोपात मध्ययुगात पक्का झाला. अशा भेसळीच्या आकृतीला गोमतीकाठच्या लखनौइतके सहज घर क्वचितच मिळाले असेल.

त्याचे एक कारण राजकीय आहे. मोगल दरबारात ‘माही मरातिब’ हे मत्स्यचिन्हांकित मानचिन्ह थोर सरदारांना मिळत असे, आणि 1722 मध्ये अवधचा सुभेदार म्हणून आलेल्या सआदत खानाच्या वंशाने मासा हेच आपले चिन्ह मानले. दरवाजांच्या कमानींवर, नाण्यांवर, ध्वजांवर माशांच्या जोड्या आल्या. दुसरे कारण चित्रकारांच्या वर्दळीत आहे. टिली केटल 1770 च्या दशकाच्या आरंभी अवधच्या फैजाबाद येथील दरबारात होता. योहान झोफानी 1784 पासून काही वर्षे लखनौस राहिला, आणि कोंबड्यांच्या झुंजीचे त्याचे गर्दीचे चित्र प्रसिद्धच आहे. याच झोफानीने हिंदुस्थानात येण्यापूर्वी, 1760 च्या सुमारास, लाटांवर विराजमान व्हीनस आणि व्हीनस-अॅडोनिस यांची चित्रे काढली होती, जी आता फ्रान्समधील बोर्दो येथे आहेत. लखनौत मात्र त्याच्याकडून मागणी झाली ती माणसांच्या चेहऱ्यांची, देवतांची नव्हे.

ग्रीक देवता लखनौत आल्या त्या कॅनव्हासवरून नव्हे, चुन्यावरून. फ्रान्समधील लिऑन येथे 1735 मध्ये जन्मलेला क्लोद मार्तां हा फ्रेंच सैन्यातून इंग्रज कंपनीच्या चाकरीत आला, नवाब आसफउद्दौलाच्या शस्त्रागाराचा अधीक्षक झाला आणि अफाट संपत्ती जोडून बसला. ‘कॉन्स्टान्शिया’ हा त्याचा प्रासाद 1800 मध्ये तो वारला तेव्हा अपुराच होता. पुढे तेथे ला मार्तिनिएर ही शाळा 1845 मध्ये सुरू झाली. छपराच्या कडेकडेने ग्रीक-रोमन मूर्तींची रांग उभी असून आतील दालनांच्या भिंतींवर व छतांवर उठावाची नक्षी आहे, आणि ती इंग्लंडच्या वेजवुड कारखान्यातील निळ्यावर पांढऱ्या उठावाच्या तबकड्यांच्या धर्तीची आहे. या कारखान्यास 1775 पासून नमुने पुरवणारा जॉन फ्लॅक्समन हा ग्रीक कलशांवरील आकृत्यांचा अभ्यासक होता. म्हणजे अथेन्सचा कलश, इंग्रज कुंभारखाना आणि लखनौचा गवंडी अशी ही वाट. अवधच्या सपाट गाळाच्या प्रदेशात चांगला दगड नसल्याने येथील बांधकाम पातळ ‘लखौरी’ विटांचे, आणि त्यावर चुना व सुर्खी, म्हणजे विटांची पूड, यांचा घोटलेला गिलावा असे. इमामबाड्यांवर वेलबुट्टी उठवणारी हीच परंपरा येथे ग्रीक वस्त्रांच्या चुण्या काढू लागली.

पुढचा दुवा रॉबर्ट होम. ग्रीक कथाविषयांसाठी गाजलेल्या अँजेलिका कॉफमन या चित्रकर्तीचा हा शिष्य 1814 मध्ये लखनौ दरबाराचा चित्रकार झाला, आणि 1819 मध्ये राजपद धारण करणाऱ्या गाजीउद्दीन हैदरसाठी त्याने व्यक्तिचित्रांबरोबर हौदे, बग्ग्या, नौका यांचेही आराखडे काढले. युरोपीय अलंकरण दरबारी शोभेत मुरले ते अशा कामांतून. अवधचा अखेरचा बादशहा वाजिद अली शाह याच्या राजचिन्हात मुकुटाच्या दोन्ही बाजूंना जलपऱ्या आहेत, आणि त्याने 1848 ते 1850 या काळात उभारलेल्या कैसरबागेत एक दरवाजाच त्यांच्या नावाने ओळखला जाई. घराण्याच्या माशाला स्त्रीचे मुख लाभले. या मीलनासाठी होमर वाचलेला असण्याची गरज नव्हती.

जेम्स फर्ग्युसनसारख्या स्कॉटिश वास्तुइतिहासकाराने लखनौच्या या मिश्र शैलीची भरपूर निंदा केली. ग्रीक रूपांचे मूळ नियम मोडले हा त्याचा आक्षेप खराच आहे, पण तोच निकष टर्नरला लावला तर त्याच्या समुद्रकन्याही नापास ठरतील. लंडनमध्ये नियम मोडणे प्रतिभेचे लक्षण मानले जावे आणि लखनौत अज्ञानाचे, यात कलाविचारापेक्षा सत्तेचा वाटा मोठा दिसतो.

फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनीने अवध खालसा केले, मार्च 1858 मध्ये कैसरबाग लुटली गेली, आणि नंतर तिचा बराच भाग पाडला गेला. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने त्याच वर्षी टिपलेल्या दृश्यांत त्या वैभवाचे जखमी अवशेष दिसतात. जे उरले त्यात ‘परीखाना’ आहे, जेथे वाजिद अलीच्या नर्तकी-गायिका ‘परी’ म्हणून शिकत असत. 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौत सुरू झालेले मॅरिस संगीत महाविद्यालय, जे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, ते कालांतराने याच वास्तूत आले, आणि वाळकेश्वरच्या या मराठी शास्त्रकाराने बांधलेली, रागांचे वर्गीकरण करणारी थाटपद्धती तेथे शिकवली जाते.