हिवतापाच्या निदानात रक्तरसातील प्रथिनांची साक्ष

पावसाळ्याच्या दिवसांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील दवाखान्यात तापाचा रोगी आला, की डॉक्टरांपुढे हिवताप, डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस या तीन शक्यता एकाच वेळी उभ्या राहतात. ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही आरंभीची लक्षणे तिन्ही रोगांत बव्हंशी सारखीच असतात. उपचार मात्र अगदी भिन्न आहेत. हिवतापाला परजीवीनाशक औषध हवे, लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणुजन्य रोग असल्यामुळे त्याला प्रतिजैविक हवे, आणि डेंगीवर नेमके औषध नसल्यामुळे तेथे शरीरातील द्रवाचा समतोल सांभाळणे हाच मुख्य उपाय ठरतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची जी साथ उद्भवली, तिने निदानाचा हा प्रश्न किती निकडीचा आहे हे दाखवून दिले. रोग्याच्या रक्तरसातील प्रथिनांचे पृथक्करण करून या प्रश्नाचे उत्तर कितपत मिळू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिवतापाच्या निदानाची जुनी व आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे काचपट्टीवरील रक्तलेप गिम्सा रंजकाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. तीत परजीवी प्रत्यक्ष दिसतो व त्याची जातीही ओळखता येते. परंतु परजीवींची संख्या अल्प असेल तर अनुभवी डोळ्यांचीच आवश्यकता असते. याला पूरक म्हणून शीघ्र चाचण्या प्रचारात आल्या. त्यांतील बहुतेक चाचण्या एच.आर.पी.-2 या एकाच प्रथिनावर आधारलेल्या आहेत. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी हे हिस्टिडीनबहुल प्रथिन रक्तात सोडतो. येथे दोन अडचणी येतात. पहिली ही, की व्हायवॅक्स जातीत हे प्रथिन नाही. त्यासाठी परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकराचा शोध घ्यावा लागतो. दुसरी अधिक गंभीर आहे. ज्यांच्यात या प्रथिनाचे जनुकच लुप्त झाले आहे असे फाल्सिपेरम परजीवी पेरू देशात आढळल्याचे 2010 साली प्रसिद्ध झाले, व पुढे भारतातही त्यांची नोंद झाली. अशा रोग्याची चाचणी नकारार्थी येते, पण रोग मात्र असतो. एकाच प्रथिनावर सर्व भिस्त ठेवण्यातला धोका यावरून स्पष्ट होतो.

तेव्हा परजीवीच्या प्रथिनांऐवजी रोग्याच्या प्रथिनांकडे वळावे, हा विचार स्वाभाविकच पुढे येतो. त्याला आणखीही एक कारण आहे. ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 मध्ये फाल्सिपेरम परजीवीचे प्रयोगशाळेत अखंड संवर्धन साध्य केले. व्हायवॅक्सच्या बाबतीत मात्र तसे नित्य उपयोगाचे संवर्धन अद्याप साधलेले नाही. त्यामुळे व्हायवॅक्सच्या अभ्यासकाला रोग्याच्या रक्तावाचून गत्यंतर नसते.

या दिशेने मुंबईच्या उपनगरातच उल्लेखनीय कार्य झालेले आहे. पवई येथील आय.आय.टी.च्या जैवविज्ञान व जैव-अभियांत्रिकी विभागात डॉ. संजीव श्रीवास्तव यांच्या मार्गदर्शनाखाली, परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाच्या सहकार्याने, हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तरसाचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष 2012 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फाल्सिपेरमचे 20 रोगी, व्हायवॅक्सचे 17 रोगी आणि 20 निरोगी व्यक्ती यांची त्यात तुलना होती. विशेष म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे रोगीही तुलनेसाठी घेतले होते. केवळ निरोगी माणसांशी तुलना केली असती, तर सापडलेला फरक हिवतापाचा की नुसत्या तापाचा, हे कळण्यास मार्ग उरला नसता.

रक्तरसाचे पृथक्करण वाटते तितके सोपे नाही. त्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिनच असते, आणि सर्वांत विपुल व सर्वांत विरळ प्रथिनांच्या प्रमाणात सुमारे दहा अब्जपट अंतर असते. म्हणून विपुल प्रथिने आधी काढून टाकावी लागतात. उरलेल्या मिश्रणाचे द्विमितीय विद्युत्-संचारण करतात. पहिल्या दिशेने प्रथिने आपापल्या समविद्युत्-बिंदूपाशी स्थिरावतात. दुसऱ्या दिशेने जेलमधून जाताना ती रेणुभाराप्रमाणे वेगळी होतात. रोगी व निरोगी यांचे नमुने भिन्न प्रस्फुरी रंजकांनी रंगवून एकाच जेलवर चालविले, तर प्रत्येक ठिपक्याची तुलना थेट करता येते. ज्या ठिपक्यात फरक दिसतो तो कापून घ्यावयाचा, ट्रिप्सिनने त्यातील प्रथिनाचे तुकडे करावयाचे, व मास स्पेक्ट्रोमीटरने त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून मूळ प्रथिनाची ओळख पटवावयाची, असा हा क्रम आहे. शेवटी प्रतिपिंडांवर आधारलेल्या स्वतंत्र पद्धतीने निष्कर्षाची पडताळणी होते.

वरील संशोधनात निरोगी व्यक्तींच्या तुलनेने फाल्सिपेरममध्ये 30 व व्हायवॅक्समध्ये 31 प्रथिनांचे प्रमाण बदललेले आढळले. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास दोन्ही रोगांत समान होती. त्यांतून सहा प्रथिनांचा एक गट निवडण्यात आला: सिरम अमिलॉइड ए, हिमोपेक्सिन, अपोलायपोप्रोटीन ई, हॅप्टोग्लोबिन, रेटिनॉल-बंधक प्रथिन आणि अपोलायपोप्रोटीन ए-1. या सहांच्या आधारे संख्याशास्त्रीय प्रतिमानाने फाल्सिपेरम, व्हायवॅक्स, लेप्टोस्पायरोसिस व निरोगी या चार वर्गांची निवड शेकडा 95 हून अधिक अचूकतेने केली.

या यादीकडे पाहून अभ्यासकाच्या मनात शंका येणे साहजिक आहे. सिरम अमिलॉइड ए हे कोणत्याही तीव्र दाहात शेकडो पटींनी वाढते. रेटिनॉल-बंधक प्रथिन व अपोलायपोप्रोटीन ए-1 ही दाहात घटतात. मग यात हिवतापाचे असे खास काय? त्याचे उत्तर हॅप्टोग्लोबिन व हिमोपेक्सिन यांच्या कार्यात शोधावे लागते. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. मोकळे झालेले हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिनशी बद्ध होते, हीम हिमोपेक्सिनशी, आणि ही संयुगे रक्तातून वेगाने दूर केली जातात. दाहाने हॅप्टोग्लोबिन वाढावयास हवे, पण पेशी फुटण्याने ते खर्ची पडते. म्हणजे एकाच प्रथिनावर दोन विरुद्ध ओढी असतात. सिरम अमिलॉइड वाढलेले आणि त्याच वेळी हॅप्टोग्लोबिन ओसरलेले, असे चित्र दिसले तर दाहाबरोबर तांबड्या पेशींचा नाशही चालू आहे असे अनुमान करता येते. सुटे प्रथिन काहीच निश्चित सांगत नाही. प्रथिनांचा परस्परसंबंध मात्र सांगतो. या पद्धतीचे बळ त्यातच आहे.

तथापि शेकडा 95 या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दवाखान्यात तापाचे 2000 रोगी आले व त्यांपैकी 100 जणांना हिवताप आहे असे मानू. चाचणी हिवताप असलेल्यांना व नसलेल्यांना सारख्याच, म्हणजे शेकडा 95, अचूकतेने ओळखते. मग खऱ्या रोग्यांपैकी 95 जण होकारार्थी ठरतील. परंतु उरलेल्या 1900 पैकीही शेकडा 5, म्हणजे आणखी 95 जण होकारार्थी ठरतील. सारांश, चाचणीने ज्यांना हिवताप आहे असे सांगितले, त्यांच्यापैकी निम्म्यांना तो नसेल. प्रयोगशाळेत गट जवळजवळ समसमान असतात. दवाखान्यात ते तसे नसतात. शिवाय ज्या थोड्या नमुन्यांवर प्रतिमान रचले जाते, त्यांच्यावरच ते चांगले चालणे ही सोपी कसोटी होय. दुसऱ्या शहरातील, दुसऱ्या ऋतूतील, कुपोषण वा यकृतविकार असलेल्या रोग्यांवर ते टिकते काय, ही खरी कसोटी. प्रस्तुत गटातील बहुतेक प्रथिने यकृतात निर्माण होत असल्यामुळे हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

याच गटाने 2020 साली ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने प्रश्नाचे स्वरूपच थोडे बदलले. तेथे साध्या व तीव्र हिवतापाची तुलना केली असून, रक्त गोठणे, पूरक प्रथिनव्यवस्था व मेदांचे चयापचय यांत तीव्र रोगात होणारे फेरफार नोंदविले आहेत. फाल्सिपेरममुळे मेंदूवर होणारा परिणाम व तीव्र पांडुरोग यांच्यात भेद करू शकणारी प्रथिनेही सुचविली आहेत. आमच्या मते प्रथिन-पृथक्करणाचे योग्य क्षेत्र हेच आहे. परजीवी आहे की नाही, हे रक्तलेप अल्प खर्चात सांगतो; परंतु दाखल झालेल्या दहा रोग्यांपैकी कोणाची प्रकृती उद्या बिघडेल, हे तो पुरेसे सांगू शकत नाही. व्हायवॅक्सचा हिवताप सौम्य असतो ही जुनी समजूत बिकानेर येथील तीव्र व्हायवॅक्सच्या नोंदींनी ढासळल्यापासून या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

या विषयात प्रवेश करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने म्हणूनच तीन गोष्टी आरंभीच ठरवून घ्याव्यात: तुलनेत निरोगी व्यक्तींबरोबर इतर तापांचे रोगी अवश्य असावेत, नमुना ताप आल्यापासून कितव्या दिवशी घेतला याची नोंद असावी, कारण प्रथिनांचे प्रमाण दिवसागणिक बदलते, आणि प्रतिमानाची अंतिम पारख त्याच्या रचनेत न वापरलेल्या रोग्यांवरच व्हावी. यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. आणि प्रश्न योग्य ठरविण्याचे काम रुग्णशय्येजवळच करावे लागते.