तीन बोटांचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमारा चौकातला दातांचा एक दवाखाना नुकताच बंद झाला. चालवणारी मुलगी बीडीएस झालेली, इथल्याच धानाच्या शेतकऱ्याची. खुर्ची आणि कॉम्प्रेसर विकून ती एमडीएसच्या तयारीला नागपूरला गेली. जायच्या आधी सल्ला मागायला आली होती. "सर, स्पष्ट सांगा, ऑर्थो घेऊ की एंडो? पैसा कशात आहे?" ऑर्थो म्हणजे तारा लावून दात सरळ करणं, एंडो म्हणजे रूट कॅनाल. इथेच राहून जनरल प्रॅक्टिस करावी का, हे तिनं विचारलंच नाही. तो प्रश्न तिच्या डोक्यातही नव्हता. मला ते लागलं. माझी सारी हयात त्याच प्रॅक्टिसमध्ये गेली, त्या कमाईवर घर चाललं, पोरं शिकली. त्या मुलीची चूक आहे, असं मी म्हणत नाही. पण हा हिशेब इथवर कसा आला, ते सांगायला हवं.

दंतवैद्यकाचा कायदा १९४८चा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८चं. पुढची वीसेक वर्षं विदर्भात दातांचा डॉक्टर म्हटलं की याच कॉलेजचा माणूस डोळ्यांपुढे यायचा. मग खासगी कॉलेजांचं पीक आलं. वर्ध्याजवळचं सावंगीचं कॉलेज १९९१चं, आणि त्यामागून कितीतरी. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत आणि वर्षाला पंचवीस हजारांच्या वर बीडीएसच्या जागा. मान्यता वाटणाऱ्यांनी एवढी पोरं जातील कुठे, याचा विचार कधी केलाच नाही. शहरातल्या दवाखान्यात पंधरा-वीस हजारांवर राबणारे बीडीएस त्यातूनच तयार झाले. आमच्या कॉलेजातले एक वरिष्ठ वर्गातच म्हणायचे, "नुसतं बीडीएस म्हणजे दात उपटणारा." त्या एका वाक्यानं कित्येक चांगले हात गावाकडे यायचे थांबले. मला ते वाक्य तेव्हाही खोटं वाटलं होतं, आजही वाटतं.

१९९९ साली महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मी इकडे आलो. कोहमारा म्हणजे सडक अर्जुनी तालुक्यातला चौरस्ता. मुंबई-हावडा महामार्ग, तेव्हाचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. उत्तरेला गोरेगाववरून गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. पहिली दोन-तीन वर्षं रोग्यांची वाट बघण्यात गेली, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते २००२ ते २०१२ या दहा वर्षांचं.

तेव्हा कमाई कुठून यायची? सगळीकडून थोडी थोडी. रात्री दाढेनं बेजार झालेला ट्रकवाला रायपूरच्या वाटेवर गाडी थांबवायचा. त्याला रूट कॅनालच्या तीन बैठका नको असायच्या, दात काढून पुढे निघायचं असायचं. शाळेतले मास्तर मसाला भरून घ्यायचे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरायची, रात्री नाटकं रंगायची आणि पुढे धानाचे चुकारे हातात पडायला लागले की म्हाताऱ्या बायका बत्तीशी बसवायला यायच्या. नोव्हेंबर ते जानेवारी माझा खरा हंगाम. रोवणीच्या दिवसांत दवाखाना ओस पडायचा, कारण दाढ कितीही ठणकली तरी चिखलातून निघायला कुणाला फुरसत नसायची.

बत्तीशीचं काम मला मनापासून आवडायचं. आधी माप, मग मेणाच्या कडा लावून जबडे जुळवायचे, मग डबा बांधून नागपूरच्या लॅबला बसनं पार्सल. चार-पाच दिवसांनी चौकातल्या हॉटेलात पार्सल उतरायचं. दात मेणात बसवलेले असतानाच आजीला आरसा द्यायचा. एक आजी आरशात बराच वेळ बघून म्हणाली, "समोरचे दोन थोडे वाकडे कर बापा, माहे तसेच होते." मी केले. तेवढ्या कामाला प्रोस्थोडोंटिस्ट लागला नाही.

शहरातून महिन्याला एकदा येणारा तार लावणारा तज्ज्ञही मी काही काळ बोलावला. दात सरळ करायच्या कामात पैसा आहे, यात वाद नाही. एका खुर्चीवर एका दिवसात वीस पोरांच्या तारा आवळता येतात. पण ते दीड-दोन वर्षांचं काम आणि दर महिन्याला हजेरी. नवेगावबांधच्या पुढच्या गावातून दर महिन्याला एसटीनं येणार कोण? पोरं दोन-चार वेळा आली, मग तारा तशाच तोंडात राहिल्या. शेवटी त्या मीच काढल्या. तज्ज्ञाची कमाई त्याच्या हातात जितकी असते, तितकीच गावच्या लोकसंख्येत, बसच्या वेळापत्रकात आणि पगारदार कुटुंबांच्या संख्येत असते. 'ऑर्थो की एंडो' विचारताना हे कुणी विचारत नाही. जो तज्ज्ञ आठवड्याला सहा दवाखाने फिरतो, त्याची मिळकत मोठी दिसते. त्यातून मालक-डॉक्टरचा वाटा जातो, प्रवास जातो आणि खासगी कॉलेजात एमडीएसला भरलेल्या लाखो रुपयांचा हप्ता जातो. स्वतःच्या जागेत बसलेला, लोकांच्या ओळखीचा जनरल डॉक्टर पन्नाशीपर्यंत त्याच्या फार मागे राहत नाही. निदान त्या दशकात तरी राहिला नाही.

पण त्याच दशकात दुसरं काहीतरी चाललं होतं. महाराष्ट्रानं १ ऑगस्ट २००२ला गुटख्यावर बंदी घातली. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. नवी बंदी आली २० जुलै २०१२ला. मधल्या आठ वर्षांत गुटखा पोरांच्या दप्तरापर्यंत पोचला. आणि बंदी आली तेव्हा पानठेल्यावर खर्रा हजरच होता. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. कुठल्या कंपनीचं नाव नाही, छापील किंमत नाही, धाड घालायला कारखाना नाही.

तोंड किती उघडतं हे बघायला आम्ही रोग्याला त्याचीच तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगतो. निरोगी माणसाला तीन जातात. सुरुवातीला दोन बोटांचं तोंड कधीतरी दिसायचं. दशक संपता संपता तसा माणूस जवळजवळ रोज समोर बसायला लागला. आधी तक्रार यायची, "तिखट लागलं का तोंड जळते जी." आरसा गालाच्या आत फिरवला की पांढरट, ताठर पट्टे हाताला लागायचे. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव १९५३मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी दिलं. सुपारीनं तोंडाच्या आतल्या कातडीखाली तंतू साचत जातात आणि ते मागे फिरत नाहीत. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे रोगी सतरा वर्षं तपासत राहिल्यावर त्यातल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झालेला आढळला.

आता कमाईच्या हिशेबात हे कुठे बसतं, ते बघा. रूट कॅनालची सुई २१ किंवा २५ मिलिमीटरची. दाढेवर ती उभी धरायची, वर माझी दोन बोटं आणि शिवाय यंत्राचं डोकं. ज्याचं तोंड समोरच दोन बोटं उघडतं, त्याच्या मागच्या दाढेपाशी याच्या निम्मीही जागा नसते. तिथे एमडीएस एंडोचीही सुई जात नाही. दात काढायचा तर चिमटाही तिरका घालावा लागतो. म्हणजे ज्या कामात पैसा आहे, ते करायला तोंडच उघडत नाही. आणि जे काम आधी व्हायला हवं होतं, म्हणजे वर्षातून दोनदा गाल तपासणं, चट्टा ओळखणं, खर्रा सोडवायला मागे लागणं, त्याचे पैसे कुणी देत नाही.

हे काम ज्यांचं, त्या शाखा एमडीएसला आहेत. ओरल मेडिसिन आहे, ओरल पॅथॉलॉजी आहे, सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र आहे. प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या तरी यातल्या शेवटच्या दोन शाखांच्या जागा रिकाम्या राहतात, कारण बाहेर पडल्यावर दवाखाना चालत नाही. पूर्व विदर्भातला सर्वांत मोठा मुखरोग ज्यांनी पकडायचा, त्यांनाच सर्वांत कमी पैसा. याचं दुःख मला माझ्या मिळकतीपेक्षा जास्त आहे.

२०१२नंतरची वर्षं मला भराभर गेल्यासारखी वाटतात. महामार्ग रुंद झाला, रोगी साकोली आणि गोंदियाला सरळ निघून जाऊ लागले. २०१६ला गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याच वर्षी शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्था, टाटा ट्रस्ट आणि सरकारनं मिळून मुक्तिपथ हाती घेतलं. दारू आणि तंबाखू कमी करायला अख्खा जिल्हा धरणारी ती मोहीम. गोंदियाला तसं काही मिळालं नाही. सीमेच्या अलीकडे तोच खर्रा, तेच पानठेले. जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातलं तंबाखू वापराचं प्रमाण २००९-१०च्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७मध्ये २६.६वर आलं. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडात मला ती घट कधी दिसली नाही.

ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला होता. त्याच्या गालावरचा चट्टा मी पाहिला आणि लगेच नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जायला सांगितलं. "धान निघू द्या जी," म्हणाला. धान निघालं, चुकारे यायला उशीर झाला, तो फाल्गुनात गेला. तोवर कर्करोगानं जबड्याचं हाड धरलं होतं. शस्त्रक्रिया सरकारच्या जनआरोग्य योजनेतून झाली, एक पैसा लागला नाही, आणि त्याबद्दल सरकारचे आभार मानायलाच हवेत. पण जबडा कापायला सरकार पैसे देतं आणि तो कापावा लागू नये म्हणून गाल बघणाऱ्याला एक रुपया देत नाही. कोहमारा, सडक अर्जुनी, देवरी या पट्ट्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत बीडीएसला तपासलेल्या तोंडामागे ठरावीक रक्कम मिळाली, आणि संशयित रोगी नागपूरला पोचवून त्याची तपासणी झाल्यावर आणखी थोडी, तर इथला दवाखाना रूट कॅनालवाचूनही चालेल. जनआरोग्य योजनेच्या यादीत त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल. मी जिल्हा परिषदेत, आमदारांकडे आणि आरोग्य खात्यात या मागणीचा अर्ज दिला आहे. यंदा धान खरेदी सुरू व्हायच्या आत पुन्हा देणार आहे, आणि या वेळी त्याखाली सडक अर्जुनी तालुक्यात उरलेल्या सगळ्या दंतवैद्यांच्या सह्या घेणार आहे.