दारातल्या दुसऱ्या गाड्या

दसऱ्याच्या सकाळी गावाकडच्या घरासमोर उभं राहिलं, की त्या घराचा हिशेब न विचारता कळतो. गाड्या धुऊन रांगेत लावलेल्या असतात आणि प्रत्येकीला झेंडूचा हार. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अशा अंगणांमधून मी गेली दोन वर्षं एकच प्रश्न विचारत फिरतो आहे. मोटारीची हौस तर दिसतेच आहे. ती सोडून तुमच्याकडे आणखी कोणती वाहनं आहेत, आणि ती कोण चालवतं?

मोटारीबद्दल माणसं भरभरून बोलतात. तिचं मायलेज, तिचे टायर, पहिल्यांदा ती घेऊन केलेली रांजणगावच्या महागणपतीची वारी. पण मोटार घराची हौस सांगते. घराची गरज कळते ती दुसऱ्या गाड्यांवरून.

हे दोन्ही तालुके सीमेवरचे. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. दौंडला भीमा ओलांडली तरी तोच. त्यामुळे शिरूरच्या बाजारात एमएच-१२ च्या शेजारी एमएच-१६ उभी असते, तर दौंडात बारामतीच्या एमएच-४२ शेजारी. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आहे. त्याच तालुक्यात हंगामात ऊस बैलगाडीतूनही वाहिला जातो. या दोन टोकांच्या मधलं सगळं एकाच अंगणात सापडू शकतं.

सर्वांत जुना थर बहुधा गोठ्याच्या भिंतीला टेकलेला असतो. कायनेटिकची लूना १९७२ साली बाजारात आली. तिचा कारखाना नगरला, नगर-दौंड रस्त्यावरच. म्हणजे आमच्याकडे ती जवळजवळ माहेरचीच. बजाजची चेतकही त्याच वर्षीची, आकुर्डीची. एका घरातल्या आजोबांनी लूना अजून ठेवली आहे. चालत नाही, पण दुधाच्या किटल्या अडकवायचा घरी केलेला लोखंडी हूक तिच्यावर तसाच आहे. ‘शेतातली पहिली विहीर हिच्या दुधावर झाली,’ असं ते म्हणाले. ती भंगारात का दिली नाही, हे मग मी विचारलं नाही.

त्यानंतरचा थर कामाचा. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, किंवा पिकअप. कांदा, दूध, खताच्या गोण्या, कधी लग्नाचं वऱ्हाड. घरच्या मुलीची किंवा सुनेची स्कूटी. शाळा, दवाखाना आणि बँक तिच्यावर. मुलाची मोटारसायकल. या गाड्या एकमेकींची जागा घेत नाहीत. पिकअप आली म्हणून मोटारसायकल जात नाही, कारण पाणी धरायला रात्री रानात जाताना पिकअप कोणी काढत नाही. जुन्या गाडीला बाजारात मिळेल त्यापेक्षा तिचं घरातलं काम मोलाचं असतं, म्हणून ती राहते. अंगणातली गर्दी म्हणजे निव्वळ श्रीमंती नव्हे. शेती, दूध आणि कंपनीतली नोकरी असे तीन धंदे एकाच घरात चालतात, त्याचा तो पुरावा आहे.

हौसेची दुसरी गाडीही असते, तिला चाकं दोन आणि पुढे बैल. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत काहींनी बैल विकले, काहींनी नुसते सांभाळले. सांभाळणाऱ्यांपैकी एकजण मला म्हणाला, ‘स्कॉर्पिओ विकली असती, पण हे नाही.’

इतकं सगळं वहीत उतरल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या घरांत विचारलं, पण उसाची ट्रॉली स्वतःहून कोणीच सांगितली नव्हती. ट्रॅक्टर सांगितला; ट्रॉली नाही. तिला इंजिन नाही, हार नाही, तिचं कौतुक नाही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे.

हे लक्षात यायला माझ्या मामेभावाचा अपघात कारणीभूत झाला. तो गाड्यांचा पक्का शौकीन. न्हावरे-चौफुला रस्त्यावर थंडीतल्या एका रात्री त्याची मोटार उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. जीव वाचला, पण चार महिने तो अंथरुणावर होता. भेटायला येणारा प्रत्येकजण ट्रॉलीवाल्याला शिव्या देई. एके दिवशी तो म्हणाला, ‘दादा, आपल्या ट्रॉलीला मागे काय आहे, बघून ये.’ मी गोठ्यामागे जाऊन पाहिलं. काहीच नव्हतं. फुटलेल्या दिव्याचा सांगाडा, आणि तुटलेली वायर.

असं का होतं, ते साध्या गणितात सांगता येतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३६ मीटर. म्हणजे एकूण सत्तरच्या आसपास. समोरून गाडी येते म्हणून आपण दिवा डिपरवर घेतला, तर नीट दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटर. उरलेले वीस मीटर अंधारात असतात. ट्रॉली पुढे सरकत असते म्हणून थोडी सवलत मिळते, पण भरलेली ट्रॉली मोटारीच्या मानाने फारच हळू सरकते.

मग दिवे का नसतात? केवळ बेफिकिरी, हे उत्तर अपुरं आहे. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तिच्यापासून दुसरीला वायर न्यावी लागते. सरीतून जाताना ती तुटते. ऊस मागे लोंबतो आणि दिवा झाकतो. चिखल बसतो. हंगामात खेपा मोजायच्या असतात, वायर जोडत कोण बसणार?

यावरचा स्वस्त उपाय वायरीविनाच चालतो. आपण त्याला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम नसतं आणि ते स्वतः उजळतही नाही. त्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा कोपऱ्यासारखे लोलक असतात. प्रकाश ज्या दिशेने येतो, त्याच दिशेला ते परत पाठवतात. मोटारीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ असल्याने परतलेला प्रकाश नेमका चालकाला दिसतो, डिपरच्या पट्ट्याच्या कितीतरी पलीकडून. साधा पांढरा रंग प्रकाश सगळीकडे उधळतो. हा एकाच पत्त्यावर धाडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०४ क्रमांकाचा नियम रिफ्लेक्टरबद्दलच आहे. अट एवढीच, की पट्टी लोंबत्या उसाखाली झाकली जाऊ नये आणि अधूनमधून पुसली जावी.

मोटारीत बसून अंधारातल्या ट्रॉलीला शिव्या घालणारा आणि सकाळी तीच ट्रॉली रानात लावणारा, हे दोघं आमच्याकडे अनेकदा एकच असतात. माझ्या अभ्यासातून निघालेली खरी गोष्ट ही, बाकीची यादी तिच्या भोवतीची.

दिवाळी संपली, की पाटसला आणि आसपासच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर पुन्हा रांगा लागतील. या दसऱ्याला मामेभावाने ट्रॉली गोठ्यामागून काढून रांगेत लावली. तो अजून थोडा लंगडतो. हार कमी पडला, म्हणून मोटारीचा काढून तिला घातला. मागच्या फळीवर लाल-पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. रात्री अंगणात मोटार वळवून त्याने दिवे टाकले आणि मला म्हणाला, ‘दिसते का बघ.’

दिसत होती. मी वहीतल्या प्रश्नात एक शब्द वाढवला : ट्रॉली धरून.