क्षारपड जमिनीतील गहू : खताआधी ओळखा जमिनीचे दुखणे

पाटपाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील बागायती पट्ट्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न गंभीर बनला आहे. राज्यात अशा जमिनींचे क्षेत्र सुमारे ६ लाख हेक्टर आहे. उसाला नकार देणाऱ्या या जमिनीत अनेक शेतकरी रब्बीत गव्हाकडे वळतात. मात्र, पीक पिवळे पडताच युरियाचे आणखी एक पोते टाकण्याची सवय बहुधा खर्च वाढविते, उत्पादन नव्हे.

दोन जमिनी, दोन उपाय

क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षारांचे प्रमाण अधिक असते. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. तिची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरपेक्षा जास्त, तर सामू ८.५ पेक्षा कमी असतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्याने ती ओली असता चिकट आणि वाळल्यावर टणक होते. पाणी मुरत नाही. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला होतो. निव्वळ क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकणे व्यर्थ ठरते. तेथे चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढणे आणि ते चरांवाटे किंवा भूमिगत निचरा नळ्यांवाटे शेताबाहेर नेणे, हाच उपाय होय.

गहू हे मध्यम क्षारसहनशील पीक आहे. संपृक्त अर्काची वाहकता ६ पर्यंत असल्यास उत्पादनात फारशी घट येत नाही. त्यापुढे प्रत्येक एककास सुमारे ७ टक्के घट येते. म्हणजे वाहकता १० असल्यास चौथ्या हिश्श्याहून अधिक पीक हातचे जाते. रोपावस्थेत तर हे पीक अधिक नाजूक असते. माती-पाण्याच्या १:२.५ प्रमाणात मोजलेली वाहकता संपृक्त अर्कापेक्षा कमी भरते. त्यामुळे परीक्षणाचा अहवाल वाचताना पद्धत कोणती, हे विचारून घ्यावे.

नत्र वाढवा, पण विभागून

चोपण जमिनीत सामू जास्त असल्याने युरियातील नत्राचा बराच भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत उडून जातो. सेंद्रिय पदार्थही कमी असतात. म्हणून शिफारशीपेक्षा २५ टक्के अधिक नत्र देण्याचा सल्ला दिला जातो. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही शिफारस धरल्यास नत्राची मात्रा १५० किलो होते. निम्मे नत्र पेरणीवेळी, उरलेले दोन समान हप्त्यांत साधारण २१ व ४० ते ४५ दिवसांनी द्यावे. युरिया पृष्ठभागावर पडून राहू देऊ नये. लगेच हलके पाणी द्यावे.

वाढीव नत्राने क्षारांचे नुकसान मात्र भरून निघत नाही. रासायनिक खत हाही एक क्षारच आहे. ते बियाण्याच्या संपर्कात आल्यास उगवण घटते. त्यामुळे खत बियाण्यापासून थोडे दूर व खाली पडेल, अशी पेरणी करावी.

कोणते खत निवडावे?

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट सोयीचे; त्यातून कॅल्शियम आणि गंधकही मिळते. नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून देता येतो. क्लोराईडचे प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. जस्ताची कमतरता असल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. मात्र ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये. शेणखत आणि खरिपात गाडलेला धैंचा जमिनीची घडण सुधारतात.

वाणाची निवडही तितकीच महत्त्वाची. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने केआरएल २१० व केआरएल २१३ हे क्षारसहनशील वाण विकसित केले आहेत. आपल्या विभागासाठी कोणता वाण योग्य, याची कृषी विद्यापीठाकडे खातरजमा करावी.

थोडक्यात, आधी माती परीक्षण, मग निचरा, त्यानंतर गरजेनुसार जिप्सम आणि शेवटी खत, हा क्रम पाळल्यास पैसा वाचतो. क्रम उलटा झाल्यास खतावरील खर्च पाण्यात आणि जमीन आणखी क्षारांत जाते.